दोराची वाट

गेल्या वर्षी नदीचे पाणी वस्तीत शिरले, तेव्हा दोरवाल्याने आधी दोर वळायचे चाक उचलून आढ्याला टांगले आणि मग बायकोला हात देऊन खाटेवर चढवले. या अग्रक्रमाबद्दल तिने त्याला वर्षभर ऐकवले. "पहिली बायको ती, दुसरी मी," असे ती आल्यागेल्याला चाकाकडे बोट दाखवून सांगे, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ येई. पाणी यथाकाल ओसरले. ओल ओसरली नाही. ती कुडाच्या भिंतींत राहिली, अंथरुणांत राहिली, दोरासाठी आणलेल्या वाखाच्या पेंढ्यांत राहिली आणि शेवटी त्या बाईच्या छातीत मुक्कामाला आली. वाखाची बारीक कुसे वर्षानुवर्षे तिच्या श्वासाबरोबर आत जातच होती. आता त्यांना ओलीची सोबत मिळाली. तिला आडवे होता येईना. भिंतीला पाठ टेकून, उशी पोटाशी धरून, बसल्या जागी डोळा लागेल तेवढीच तिची झोप.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, बाटली हातात ठेवली आणि म्हणाल्या, "औषध मी देते. कोरडी जमीन माझ्याकडे नाही, ती तुम्ही बघा."

वस्ती नदी आणि बांध यांच्यामधल्या खोलगट पट्ट्यात होती. दोरवाल्याची झोपडी बांधाच्या बाजूला. तिच्या दारात चाक रोवलेले आणि चाकाला लोखंडी आकडा. तेथून थेट नदीपर्यंत वस्तीच्या मधून एक सरळ पट्टी गेली होती. पावलांनी तुडवून तुडवून ती दगडासारखी झालेली. तिच्यावर गवताचे पातेही उगवत नसे. दोन्ही कडांना ठिकठिकाणी, सूत टेकवायला, बेचक्यांचे खुंट. दोरवाला विंचरलेला वाख कमरेभोवती गुंडाळी, त्याचे टोक आकड्यात अडकवी, बायको चाक फिरवू लागे, आणि तो बोटांतून वाख सोडीत सोडीत मागे मागे चालत जाई. तोंड बायकोकडे, पाठ नदीकडे. मागे काय आहे हे त्याला वळून पाहावे लागत नसे. टाचांना सारे ठाऊक होते. सूत पूर्ण होईपर्यंत तो इतका दूर जाई की बायकोचा चेहरा मुठीएवढा दिसे. "मीठ संपलंय!" ती इकडून ओरडे. "हळू फिरव, पीळ जास्त होतोय!" तो तिकडून ओरडे. त्यांच्या घरातले मीठ कधी संपले, हे त्यामुळे साऱ्या वस्तीला ठाऊक असे.

नदीवरचे नाववाले त्याच्याकडूनच दोर नेत, कारण तो अखंड असे. सांधलेल्या दोरावर कोणी नाव सोडत नाही. आणि अखंड दोराला अखंड वाट लागते. वाट तोकडी झाली तर दोर तोकडा होणार, आणि तोकडा दोर गुरांच्या दाव्यांपुरताच. दाव्यांना तर बाजारात प्लॅस्टिकच्या दोऱ्यांचे ढीग पडलेले.

पुराच्या वेळी ख्रिस्ती सेवासंघाची माणसे होड्या घेऊन आली होती. पूर गेला तरी ती गेली नाहीत, याचे वस्तीला नवल वाटले. त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या बाह्या सदैव कोपरापर्यंत दुमडलेल्या. बांधावरच्या प्रार्थनाघराच्या पडवीत त्यांनी आपली वळकटी ठेवली आणि तेथेच राहू लागले. प्रार्थनेला या, असे त्यांनी कोणाला म्हटले नाही; आलेल्याला बसायला जागा दिली, आणि न आलेल्याच्या दारी जाऊन तब्येत विचारली. उंच जोत्याची, पक्क्या भिंतींची घरे बांधायची आणि ती बांधायची तर सर्वांनी मिळून, असे त्यांनी योजले. नियम दोनच. आपल्या घराचा पाया आपण खणायचा नाही. समोरच्या शेजाऱ्याने खणायचा, आणि आपण त्याचा. दुसरा असा, की कोणाची काही हरकत असेल तर ती त्याने प्रार्थनाघरात सर्वांदेखत उभे राहून सांगावी. कानाशी येऊन नव्हे.

"आणि शेजारी आळशी निघाला तर?" कोंबडीवाल्या मावशीने विचारले होते.

"तर त्याला शेजारी म्हणून तुम्ही मिळाल्यात, मावशी. त्याचा आळस टिकेल का?" पाळक म्हणाले.

मोजणीसाठी पाळक फीत घेऊन दारोदार फिरले, तेव्हा दोरवाल्याकडेही आले. "दादा, तुमचं काय काय आहे ते दाखवा."

दोरवाल्याने झोपडी दाखवली. चाक दाखवले. वाख वाळवायची मांडणी, चूल, पाण्याचे पिंप दाखवले.

"अजून काही?"

"अजून काय असणार, साहेब? एवढंच."

हे बोलताना तो वाटेवरच उभा होता. ती आपली आहे असे त्याच्या मनात आले नाही, आणि परकी आहे असेही नाही. तिच्यावरून सारी वस्ती नदीला जाई. मावशीच्या कोंबड्या तिच्या कडेची माती उकरीत. वाट कोणाच्या बापाची नसते, असे त्याचा बापच म्हणत असे. पाळकांनी झोपडी मोजली, चाकाची जागा मोजली, आणि समोरची मोकळी जागा मोकळी म्हणून मांडली.

आराखडा त्यांनी प्रार्थनाघराच्या फरशीवर खडूने काढला. कागद सर्वांना वाचता येत नव्हता. वस्ती भोवती गोळा झाली. बांधालगत एक ओळ, नदीकडे दुसरी. दोरवाल्याचे घर पहिल्या ओळीत, झोपडीच्याच जागी. त्याच्या नेमके समोर, दुसऱ्या ओळीत, मावशीचे.

दोरवाल्याने फरशीवर नजरेने एक रेघ ओढली, चाकापासून नदीपर्यंत. ती मावशीच्या घराच्या मधोमध गेली.

"बाबा, ही तर आपली..." शेजारी उभी असलेली त्याची लेक बोलू लागली. घरात वाख विंचरण्याचे काम तिचे. बोटे सालपटलेली, जीभ धारदार. दोरवाल्याने तिचे मनगट दाबले.

कारण त्याच क्षणी मावशी खडूच्या चौकोनात जाऊन बसली होती. नवरा गेल्यापासून ती नदीकाठी एका फुटक्या, उपड्या नावेखाली राहत असे, कोंबड्यांसकट. आत उभे राहता येत नसे. त्यामुळे बाहेरही ती जरा वाकूनच चाले. "ही माझी चूल," ती खडूच्या एका कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाली. "ही खाट. आणि बघा रे, पाय असे सरळ पसरले तरी भिंतीला लागत नाहीत!" तिने खरोखरच पाय पसरले. लोक हसले. ती हसली नाही. आपल्या पसरलेल्या पायांकडे बघत राहिली.

"नदी फुगायच्या आत जेवढी होतील तेवढीच घरं," पाळक म्हणाले. "ज्या जागेवर वाद असेल ती यंदा सोडावी लागेल. तेव्हा आत्ताच सांगा. कोणाची हरकत?"

ते थांबले. विचारून लगेच पुढे जाणाऱ्यांपैकी ते नव्हते, मनापासून थांबले. बायकोने दोरवाल्याच्या बरगडीत कोपर मारले. तो अर्धवट उठला. मावशीचे पाय अजून पसरलेलेच होते. तो बसला.

घरी येताच चुलीपुढे भांडण पेटले.

"तोंडाला कुलूप लागलं होतं का?" बायको म्हणाली.

"काय बोलणार होतो? मावशी, तुम्ही परत नावेखाली जा, असं?"

"आणि आपण कुठे जायचं?"

"तुला कोरडी जमीन मिळतेय ना?"

"मिळतेय. त्या कोरड्या जमिनीवर बसून चाटू का ती?" तिला उबळ आली. ती ओसरेपर्यंत तिने हातानेच त्याला थोपवून धरले. बोलण्याची पाळी सोडायची नव्हती. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुमचा पीळ तसाच आहे, आणि सुंभ आपल्या हाताने जाळायला निघालात."

"मी उद्या जाऊन सांगते साहेबांना," लेक म्हणाली.

"नाही सांगायचं." दोरवाल्याने आवाज चढवला नाही. "त्यांनी विचारलं, अजून काही आहे का. मी म्हटलं, नाही. ज्या जागेला जन्मात माझी म्हटलं नाही, तिला आज कुणाचं घर उठतंय म्हणून माझी म्हणू?"

लेकीने उकडलेले बटाटे ताटात इतक्या जोराने टाकले की एक उडून चुलीच्या राखेत पडला. तिने तो उचलला, पुसला आणि स्वतःच्या ताटात घेतला.

नियमाप्रमाणे मावशीचा पाया खणणे दोरवाल्याच्या वाट्याला आले, आणि त्याचा पाया मावशीच्या. गवंड्याने सुतळी ताणून फक्कीच्या रेघा मारल्या. मावशीच्या घराच्या जागेतले बेचक्यांचे खुंट दोरवाल्याने आदल्या संध्याकाळीच उपटून बाजूला रचले होते. त्याने कुदळ उचलली आणि पहिला घाव घातला. कुदळ उसळून परत आली. दांड्याचा झटका खांद्यापर्यंत चढला. माती उखडली नाही, तिच्यावर नुसता पांढरा ओरखडा उमटला.

"दोरवाले, तुमच्या आजोबांनी इथे सिमेंट ओतलं होतं का काय?" गवंडी म्हणाला. माणूस खुशालचेंडू, ओळंबा गळ्यात अडकवून दिवसभर कोणाची ना कोणाची थट्टा करीत फिरे.

"ओतलं असेल," दोरवाला म्हणाला.

त्याने रेघेवर पाणी शिंपडले, थांबला, पुन्हा घाव घातला. वाख सोडून सोडून त्याची बोटे मऊ, चपळ झालेली होती. कुदळीच्या दांड्याला ती नवी. दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले आणि फुटले. आयुष्यभर ताठ उभे राहून मागे चालणारे शरीर. आता कमरेतून वाकले, तेव्हा पाठीतली एकेक शीर आपले अस्तित्व सांगू लागली. माती थरांनी निघे. एकेक थर कौलासारखा पातळ, चिवट, सपाट. ते थर कशाचे, हे त्याच्याखेरीज तेथे कोणी जाणत नव्हते. तो ते फावड्याने उचली आणि बाजूला टाकी.

दुपारच्या उन्हात बायको झोपडीतून निघाली. ती वाट तिच्या दारातून सुरू होत असली तरी कामाच्या वेळी तिने ती कधी चालून पाहिली नव्हती; तिची जागा चाकापाशी. दोन ठिकाणी दम घ्यायला थांबत ती खंदकापर्यंत आली. सर्वांना वाटले, आता तोंडाचा पट्टा सुटणार. तिने आत वाकून पाहिले.

"उथळ आहे," ती म्हणाली.

"खणतोय ना."

"अजून खोल घ्या. उद्या भिंतीला तडा गेला तर लोक म्हणतील, मनात होतं म्हणून उथळ खणलं." मग ती काठावर बसली आणि त्याने वर टाकलेली ढेकळे हाताने मागे सारू लागली. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्याने जा म्हटले नाही. तीही गेली नाही.

उन्हे कलली तेव्हा मावशी आपल्याकडचे खणणे थांबवून सर्वांसाठी पाण्याची कळशी घेऊन निघाली. त्याच वेळी पाळकही कुदळ खांद्यावर टाकून तेथे आले. रोज कोठे ना कोठे ते खणत. त्यांच्या तळव्यांना मळकी फडकी गुंडाळलेली असत. रचलेल्या खुंटांकडे पाहून ते थांबले.

"हे कशाचे, दादा?"

"जुने आहेत."

"जुने दिसत नाहीत. ही बेचकी तर आत्ताच घासल्यासारखी गुळगुळीत आहेत." पाळकांनी एक खुंट उचलून बेचक्यावरून बोट फिरवले. मग त्यांनी वर पाहिले. चाकाकडे पाहिले, नदीकडे पाहिले, आणि मधल्या खंदकाकडे पाहिले. "काही अडचण आहे का?"

"नाही, साहेब."

"मी हरकत विचारली होती."

"तेव्हा घेतली नाही, म्हणून तर खणतोय."

पाळक मातीच्या ढिगावर बसले. त्यांचे ओठ हलले, ते प्रार्थनेने की दुसऱ्या कशाने, कळले नाही. "तुमचं काय आहे, ते मी विचारलं," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही दिवसभर काय करता, ते विचारायला हवं होतं. रोज या वाटेवरून ये-जा करतो, आणि..." त्यांनी मान हलवली. "थांबवा, दादा. हे घर यंदा नको. मावशींना मी समजावतो. पुढच्या वर्षी..."

"मावशीला काय समजावणार? पुढच्या वर्षी नदी येणार नाही, असं?"

"मग तुमचं पोट?"

"देव आहे असं तुम्हीच म्हणता ना?" दोरवाला म्हणाला. त्यात उपहास नव्हता, म्हणूनच पाळकांना ते अधिक लागले असावे. त्यांचा चेहरा उतरला.

कळशी खाली टेकल्याचा आवाज झाला. मावशी पाठीमागेच उभी होती. तिने किती ऐकले हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. तिने खंदकाच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या वाटेकडे पाहिले. मग पाणी न वाढताच वळली आणि नदीकडे निघून गेली. तिच्या कोंबड्या तिच्यामागून पळाल्या.

पाळकांनी तिच्यामागे दोन पावले टाकली आणि थांबले. दोरवाला पुन्हा वाकून खणू लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आली नाही. दोरवाल्याच्या पायाचा अर्धवट खड्डा तसाच राहिला. बाहेरगावचा नाववाला मात्र आला. नदी चढायच्या आत त्याला नवा दोर हवा होता. दोरवाल्याने तळवे मागे लपवले. "यंदा नाही जमायचं."

"नाही जमायचं म्हणजे? आजवर दोर तुमच्याकडूनच नेला. माझ्या बापानं तुमच्या बापाकडून नेला."

"दावी देतो हवी तर. कमी लांबीची."

"नाव काय गाय आहे, दावं बांधायला?" नाववाला हसला, समोरच्याच्या तोंडाकडे पाहून त्याने हसणे आवरले. "बरं. शहरातून नायलॉनचा आणतो मग. हाताला कापतो मेला, पण काय करणार."

तो गेल्यावर बायकोने चाकाचा दांडा हातात धरला आणि दोर न लावताच ते एकदा फिरवले. चाक कुरकुरले. "तेल घाला याला," ती म्हणाली, "नुसतं राहिलं की गंजतं." त्याने तेल घातले. दोघांनाही त्यात काही चुकीचे वाटले नाही.

त्याच संध्याकाळी प्रार्थनाघरात लोक जमले. कामाचा आढावा झाला, पाळकांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. दोरवाल्याच्या बायकोचा उल्लेख आला तेव्हा त्यांचा आवाज क्षणभर अडखळला. नेहमीच्या वहिवाटीने त्यांनी विचारले, "कोणाची हरकत?"

मागून मावशी उठली. ती अशी ताठ उभी राहिली की ती इतकी उंच आहे हे पुष्कळांना तेव्हाच कळले.

"माझी आहे," ती म्हणाली.

दोरवाल्याने मान खाली घातली. आता ही घर सोडते असे म्हणणार, आणि जन्मभर हिचे उपकार आणि पाप दोन्ही आपल्या माथी बसणार, असे त्याला वाटले. बायकोचा हात त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला.

"मला मागचं दार हवं," मावशी म्हणाली. "पुढच्या दाराच्या अगदी समोर. रेघ मारल्यासारखं."

"कशाला?" गवंड्याने विचारले.

"कोंबड्यांना. आत आल्या की त्यांना वळता येत नाही. सरळ शिरतात, सरळ निघतात."

प्रार्थनाघर हास्याने दणाणले. गवंडी डोळे पुसत म्हणाला, "मावशी, जन्मात पहिल्यांदा ऐकतोय. कोंबडीला वळता येत नाही?"

"तुझ्या वळत असतील. माझ्या म्हाताऱ्या झाल्यात. आणि पायऱ्याही नकोत. दोन्ही दारांना उतार कर. जोतं उंच आहे, त्यांचे गुडघे दुखतात."

"पंख कशाला दिलेत मग त्यांना?"

"तुला अक्कल कशाला दिलीय, तसेच. सगळ्यांनाच वापरता येत नाही."

लोक पुन्हा हसले. गवंडीही हसला, पण कामात तो पक्का होता. "ऐका मावशी, थट्टा राहू दे. एका घराला एक दार, एक खिडकी. चौकटी तेवढ्याच आल्यात. दुसरं दार आणू कुठून?"

"मग खिडकी नको."

हसणे एकाएकी थांबले.

"खिडकीची चौकट परत दे आणि दार आण. तिथं भिंतच उचल." तिने एकदाही दोरवाल्याकडे पाहिले नाही.

"मावशी," पाळक हळूच म्हणाले, "पावसात दोन्ही दारं लावावी लागतील. आत अंधार होईल. भरदिवसा."

"नावेखाली काय झुंबर टांगलं होतं?"

पाळकांनी तिच्याकडे पाहिले आणि मग, फार थोडा वेळ, दोरवाल्याकडे. दोरवाल्याच्या ओठांवर शब्द आले होते. पण बोलायचे कोणत्या तोंडाने? तिने त्याचे नाव घेतले नव्हते, वाटेचे नाव घेतले नव्हते. कोंबड्यांच्या दाराला त्याने हरकत घ्यावी तरी काय म्हणून? ज्या नियमाने त्याला बोलायची मोकळीक दिली होती, त्याच नियमाच्या आडोशाने त्या बाईने त्याचे तोंड बांधून टाकले होते.

"मावशींच्या मागणीला," पाळक म्हणाले, "कोणाची हरकत?"

ते थांबले, नेहमीसारखेच. कोणी उठले नाही.

भिंती उठल्या. गवंड्याने सुतळी लावली, ती दारांसाठी म्हणून. पण तिचे एक टोक त्याने न बोलता चाकाच्या आकड्याला बांधले आणि दुसरे नदीकडच्या शेवटच्या खुंटाला. त्या दिवशी त्याने कोणाची थट्टा केली नाही. मावशीने दोरवाल्याचा पाया पुरा केला, बायकोने तो आत उतरून पाहिला आणि नाक मुरडत म्हणाली, "जरा वाकडा आहे." "मग तू मोठी सरळ लागून गेलीस!" मावशी उत्तरली. दोघी पूर्ववत झाल्या, असे वस्तीला वाटले. दोरवाल्याशी मात्र मावशी आता जपून बोले. तोही तिच्यासमोरून जाताना पाऊल उचलून ठेवी. मन मोकळे होण्याऐवजी दोघांत काहीतरी येऊन बसले होते, आणि ते उठवायचे कसे हे दोघांनाही उमगत नव्हते.

नदी गढूळ होऊ लागली तेव्हा नाववाला परत आला. शहरातल्या दोराने त्याचे तळवे चिरले होते. दोरवाल्याने वाख कमरेला गुंडाळला, आकड्यात टोक अडकवले. छपराविना उभ्या असलेल्या आपल्या नव्या घराच्या कोरड्या जोत्यावर बायको बसली आणि तिने चाक फिरवले. तो मागे निघाला.

अर्ध्या वाटेवर त्याच्या टाचेखालची जमीन वर चढू लागली. तो थांबला. त्या वाटेवर तो असा कधी थांबला नव्हता.

"मावशी," त्याने वळून न पाहता विचारले, "येऊ का?"

"पाठमोरा पाहुणा जन्मात पहिल्यांदाच बघतेय," आतून आवाज आला. "या. डावीकडे चूल आहे, भाजाल."

तो आत शिरला. ओल्या सिमेंटचा, धुराचा, कोंबड्यांचा वास आला. खाट भिंतीला सरकवून ठेवलेली, भांडी तिच्याखाली. घरातली सारी हालचाल त्याच्या वाटेला सोडून उरलेल्या जागेत आकसून बसलेली होती. समोरच्या चौकटीत दूरवर बायको होती; बाकी सगळा काळोख. मावशी मागच्या उंबऱ्याशी बसून फाटक्या पदराला टाके घालीत होती, कारण उजेड तेथेच होता. तो तेथे पोहोचला तशी तिच्या हातावर त्याची सावली पडली. तिने सुई थांबवली, अंग चोरले, त्याला जाऊ दिले, आणि पुन्हा टाका घातला. जितकी सुते काढायची होती तितक्या वेळा असेच झाले. जाताना सावली, येताना सावली. शेवटी शेवटी त्याला ते सोसवेना. तो भरभर चालू लागला आणि सूत विरळ निघाले. ते तोडून पुन्हा काढावे लागले.

दिवस कलताना वारा सुटला. त्याने सुते गुंडाळून घेतली. मावशीने उठून आधी नदीकडचे दार लावले, मग पुढचे. आतून कडी बसल्याचा आवाज झाला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. नदीवर तांबूस चकाकी होती. आत भांडे कोणाच्या तरी पायाला लागून गडगडले, आणि मावशीने कोंबडीला शिवी दिली.

दोरवाला भिंतीपाशी उभा होता. जेथे खिडकी यायची होती तेथल्या विटा इतर विटांसारख्याच होत्या. ठाऊक नसणाऱ्याला वेगळे काही दिसले नसते.

"मावशी," तो म्हणाला, "दिवा आणून देऊ?"

आत चाचपडणे थांबले.

"दिवा कशाला?" मावशी म्हणाली. "कोंबड्या झोपल्यात. जा तुम्ही आता."

आत पुन्हा चाचपडणे सुरू झाले. तो गेला नाही. सुतांचे ओझे खांद्यावर घेऊन, आतले चाचपडणे पूर्ण थांबेपर्यंत, तो भिंतीशी उभा राहिला.